स्टोमा बॅग आणि ती नीट बसवायला शिकवणाऱ्या सिस्टर : आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांच्या घरात कुणाचं आतड्याचं ऑपरेशन होऊन पोटावर पिशवी लागलीय त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय. बाकीच्यांनी पण वाचा, कारण गेल्या गणपतीच्या आधीपर्यंत आमच्या घरात स्टोमा (आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून संडाससाठी केलेली वाट) हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता.

आई ७१ वर्षांची, कराडच्या पुढं आमचं गाव, आयुष्यभर नऊवारी नेसलेली आणि शेतात राबलेली बाई. अचानक पोट फुगलं, दोन दिवस संडासला नाही, मग उलट्या, दवाखान्यात नेलं तर आतड्यात गाठ आणि रस्ता पूर्ण बंद, रात्रीच ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. सही केली. सकाळी आत सोडलं तेव्हा बघतो तर पोटावर डाव्या बाजूला लालभडक ओलसर गोळ्यासारखं काहीतरी आणि त्यावर पारदर्शक पिशवी चिकटवलेली. आता संडास इथूनच होणार एवढं सांगितलं आणि आठव्या दिवशी डिस्चार्ज. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आईचा जीव वाचवला, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण ही पिशवी घरी बदलायची कशी, किती दिवसांनी, कशाने पुसायचं, हे त्या हॉस्पिटलमध्ये कुणीच शिकवलं नाही, एका कागदावर पिशवीचं नाव लिहून दिलं आणि मेडिकलमधून आणा म्हणाले.

पुढचे नऊ दिवस काय गेले ते सांगतो. प्लेट, म्हणजे पिशवीचा पोटाला चिकटणारा भाग, सकाळी लावली की संध्याकाळी कडेने सुटायची. रात्री अडीचला, तीनला आई हाक मारायची, तीपण हळू आवाजात, सुनेला कळू नये म्हणून. अंथरूण धुवायचं, पोट पुसायचं, परत नवीन प्लेट. दोनशे-अडीचशेची एक प्लेट, दिवसाला दोन लागायला लागल्या. पोटाची कातडी लाल होऊन सोलवटली, आणि सोललेल्या ओल्या कातडीवर नवीन प्लेट मुळीच चिकटत नाही, म्हणजे गळती आणि जखम एकमेकांना वाढवत जातात. आईने जेवण कमी केलं. खाल्लंच नाही तर येणार नाही, असा तिचा हिशोब. सातव्या दिवशी ती मला म्हणाली, मला त्या रात्रीच जाऊ द्यायला पाहिजे होतं तुम्ही.

हे लिहायचं कारण म्हणजे त्यातून आम्ही बाहेर आलो, आणि ज्यामुळे आलो ती वस्तू आणि ती सेवा, दोन्हीचा हा रिव्ह्यू आहे.

आधी वस्तू. आई वापरते ती दोन भागांची बॅग. एक प्लेट असते, गोल किंवा चौकोनी, पोटाला चिकटते, तिच्या मधोमध स्टोमाच्या मापाचं भोक आपण कापायचं. तिच्यावर प्लास्टिकची रिंग असते आणि त्या रिंगेवर पिशवी टक करून बसते, डब्याचं झाकण बसतं तशी. फायदा असा की प्लेट तीन-चार दिवस पोटावर राहते, पिशवी मात्र कधीही काढून धुता येते, बदलता येते. खालचं तोंड उघडं असलेली पिशवी घ्या, खाली गुंडाळून बंद करायची सोय असते, पिशवी पूर्ण भरू द्यायची नाही, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, वजन वाढलं की प्लेटला ओढ बसते आणि गळती तिथूनच सुरू होते. एका भागाची पण बॅग मिळते, प्लेट आणि पिशवी एकत्र जोडलेली, ती पातळ असते, कपड्यातून दिसत नाही, पण दर वेळी पूर्ण सोलून काढावी लागते, म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक कातडीला ते सोसत नाही असा आमचा अनुभव.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण आम्ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरून बघितल्या आणि कळलं की कंपनीने फार फरक पडत नाही, फरक पडतो तो माप, प्लेटचा आकार आणि लावायची पद्धत यांनी. आणि या तिन्ही गोष्टी सांगणारं माणूस म्हणजे स्टोमा नर्स.

दहाव्या दिवशी मामेभावाच्या ओळखीने पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी स्टोमा क्लिनिक असतं. क्लिनिक म्हणजे काय, ओपीडीच्या टोकाला एक खोली, एक कॉट, एक बेसिन, एक आरसा. आणि त्यात सिस्टर. मूळच्या लातूरकडच्या, वॉर्डात अठरा वर्षं काढलेली, नंतर मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमाचं ट्रेनिंग घेतलेलं. हॉस्पिटलचं आणि त्यांचं नाव टाकू का असं विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या, म्हणून नाही टाकत.

आईला त्यांनी पहिल्यांदा कॉटवर झोपवलंच नाही. म्हणाल्या, काकू, घरी कशा बसता तशा बसून दाखवा. आई खाली फरशीवर सतरंजीवर मांडी घालून बसली. मग म्हणाल्या, वाकून काहीतरी उचला. मग उभ्या राहा. मग लुगडं कुठं आवळता ते बोटाने दाखवा. पाच मिनिटात त्यांना कळलं ते आम्हाला नऊ दिवसात कळलं नव्हतं. स्टोमा बरोबर पोटाच्या घडीत आला होता, आणि त्याच्या बोटभर वर नऊवारीची गाठ. आई उताणी झोपलेली असताना पोट सपाट, प्लेट मस्त चिकटलेली. उठून बसली की घडी पडायची, प्लेटला सुरकुती, आणि त्या सुरकुतीतून सगळं बाहेर.

त्यांनी सांगितलं की ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर नर्स आदल्या दिवशी पेशंटला बसवून, उभं करून, वाकवून स्टोमाची जागा पेनाने मार्क करते, घडी सोडून, बेंबी सोडून, नाडी-पट्ट्याची जागा सोडून, आणि पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी. आईचं ऑपरेशन रात्री तातडीने झालं म्हणून ते राहिलं असणार. पण तुमच्याकडे कुणाचं तारीख ठरवून ऑपरेशन असेल तर हे मार्किंग आधी करून घ्या. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

मग त्यांनी साधी प्लेट बदलून फुगीर प्लेट दिली, म्हणजे मधे बशीसारखी पोटाच्या बाजूला उचललेली, ती घडीत दाबून बसते. घडीच्या खोलगट जागेत स्टोमा पेस्ट. सोललेल्या कातडीवर पावडर टाकून जास्तीची झटकून टाकायची. दोन्ही बाजूंनी इलॅस्टिकचा पट्टा. पहिली प्लेट त्यांनी लावली ती तीन दिवस टिकली. नऊ दिवस दिवसाला दोन, आणि ही तीन दिवस. आई त्या तीन रात्री झोपली, आणि घरातले सगळेच झोपले.

आता ही पिशवी आली कुठून ते सांगतो, कारण एका रात्री मी हेच वाचत बसलो होतो. डेन्मार्कमध्ये एलिझे सोरेन्सन नावाची नर्स होती, घरोघरी जाऊन पेशंट बघणारी. थोरा नावाच्या तिच्या सख्ख्या बहिणीला स्टोमा झाला आणि ती घराबाहेर पडायला घाबरायला लागली, कधीही गळेल या भीतीने. त्या काळी कापडी पट्टे, काचेची नाहीतर धातूची भांडी पोटाला बांधायचे. तर या नर्सला १९५४ मध्ये सुचलं की पातळ प्लास्टिकची पिशवी करावी, तिला चिकटणारी कड असावी, आणि वापरून टाकून द्यावी. ती प्लास्टिकचा कारखाना चालवणाऱ्या आगे लुई-हॅन्सन यांच्याकडे गेली, ते आधी नाही म्हणाले. त्यांची बायको योहाने पण नर्स होती. तिला लगेच कळलं की हे काय आहे, तिने नवऱ्याला तयार केलं. पहिल्या एक हजार पिशव्या बनवल्या आणि त्यातून पुढं १९५७ मध्ये कोलोप्लास्ट कंपनी उभी राहिली. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो, कारण आई जे बोलली होती तेच सत्तर वर्षांपूर्वी डेन्मार्कमधल्या त्या बहिणीला वाटलं असणार, आणि तिच्याकडे बघणारी एक नर्स घरातच होती.

आणखी एक गोष्ट. आजच्या प्लेटला असतो तो चिकट पदार्थ शोधला जाण्याआधी कातडी वाचवायला कराया गोंद वापरायचे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमधले डॉक्टर रूपर्ट टर्नबुल यांना १९५२ मध्ये कळलं की या गोंदाची पूड ओल्या कातडीला चिकटते आणि तिला जपते. हा गोंद आपल्या कांडोळ झाडाचा. पांढऱ्या खोडाचं झाड, काही भागात भुत्या म्हणतात, सह्याद्रीत बघितलं असेल तुम्ही, रात्री चांदण्यात चमकतं. याच डॉक्टरांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल या आपल्याच जुन्या पेशंटला हॉस्पिटलात बोलावून घेतलं, इतर स्टोमा पेशंटना शिकवायला. ती नर्स नव्हती, पण आज आमच्या सिस्टर जे काम करतात त्याची सुरुवात तिथली.

परत क्लिनिककडे येतो. सिस्टरच्या खोलीत कंपनीच्या खोक्यांपेक्षा जास्त काय बघितलं तर त्यांनी स्वतः केलेल्या वस्तू. एक एप्रन, त्यावर लाल कापडाची गुंडाळी करून स्टोमा शिवलेला, पोटाच्या जागी थोडी फोमची घडी. नातेवाइकाने तो एप्रन घालायचा आणि आधी स्वतःच्या पोटावर प्लेट लावून बघायची. मी घातला. वाकलो. प्लेट सुटली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं आईला काय होत होतं. वापरलेल्या पण स्वच्छ प्लेटचे मागचे कागद जमवून त्यांनी मापाचे साचे केलेत, प्रत्येक पेशंटचा एक, पाकिटावर नाव. स्टोमा पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातो, त्यामुळे साचा दर आठवड्याला नवा, जुना फाडून टाकायचा, नाहीतर मोठं भोक राहतं आणि उघड्या कातडीवर संडास लागते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, त्याहून जास्त नाही.

आणि एक वही आहे. शंभर पानी, साधी. प्रत्येक पेशंटची प्लेट किती दिवस टिकली, कुठल्या बाजूने सुटली, त्या दिवशी काय खाल्लं होतं, काय नेसलं होतं. काय नेसलं होतं हा रकाना कंपनीच्या फॉर्ममध्ये नव्हता, तो सिस्टरनी स्वतः घातला. त्या रकान्यातूनच त्यांना दिसलं की नऊवारी नेसणाऱ्या आणि परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या बायकांच्या प्लेट वरच्या बाजूने लवकर सुटतात. कारण गाठ पिशवीवर दाबते, वरचा माल खाली उतरत नाही, प्लेटच्या वरच्या कडेला साठतो आणि तिथून आत शिरतो. परदेशात यासाठी कडक प्लास्टिकचं कवच मिळतं म्हणे. आपल्याकडे फरशीवर बसणाऱ्या बाईला ते टोचतं.

तर त्यांनी चुंबळ केली. डोक्यावर घागर घेताना ठेवतात तीच चुंबळ, फक्त मऊ सुती कापडाची, हलकी, आणि मधलं भोक एवढं मोठं की रिंग आणि पिशवीचं तोंड पूर्ण मोकळं राहतं. ती प्लेटभोवती बसते, लुगड्याचा दाब चुंबळीवर येतो, पिशवीवर येत नाही, माल खाली सरकतो.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण एका दिवसात झालेलं नाही. पहिली चुंबळ फोमची केली होती, तीन बायकांना दिली, दोघींना घामाने पुरळ आलं. मग जुन्या सुती कापडाची केली, ती चालताना सरकायची आणि वर आली की उलट पिशवीलाच दाबायची, एकीची रात्रीत गळाली. मग चुंबळीला दोन बाजूंना कापडी लूप लावले आणि त्यातून प्लेटचा इलॅस्टिकचा पट्टा ओवला, म्हणजे ती जागची हलत नाही. आईला मिळाली ती ही तिसरी. सर्जन डॉक्टरांनी बघितलं, स्टोमाला कुठं दाब पडत नाही ना, रंग बदलत नाही ना, हे दोन आठवडे तपासायला लावलं आणि मग हो म्हणाले. हे महत्त्वाचं आहे, कुणी वाचून घरी परस्पर करू नका, भोक लहान झालं तर स्टोमाचा रक्तपुरवठा दाबला जाऊ शकतो. आधी तुमच्या नर्सला, डॉक्टरांना दाखवा.

चुंबळ लावल्यापासून आईची प्लेट चार दिवस टिकते. कधी पाच.

आणि एवढं करून हे सगळं सिस्टरच्या ड्युटीत धरलं जात नाही. कापड त्या घरून आणतात, शिवतात पण घरीच, मशीनवर, रविवारी. मी विचारलं की याचं कुठं नाव होतं का, रिपोर्ट होतो का, त्या म्हणाल्या, पेशंट परत आला नाही गळती घेऊन की झालं. मला हे पटत नाही, आणि इथं मला थोडं चिडून लिहायचंय. आपल्याकडे वॉर्डातल्या बायका हातातली कामं सांभाळून किती शोध लावतात याची मोजदाद कुणीच ठेवत नाही. माझ्या पुतणीला जन्मल्यावर कावीळ झाली होती, दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवली आणि बरी झाली, आज सहावीत आहे. तो लाइट कुठून आला? इंग्लंडमध्ये एसेक्स भागातल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात १९५६ मध्ये जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना उन्हात अंगणात नेत असत. एका बाळाला डॉक्टरांसमोर उघडं करून त्यांनी दाखवलं, सगळं अंग उजळलेलं आणि जिथं चादरीचा कोपरा होता तेवढाच भाग पिवळा. तिथून तपास सुरू झाला आणि १९५८ मध्ये डॉक्टरांचा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, लेखकांमध्ये सिस्टरचं नाव नाही. चादरीच्या कोपऱ्याकडे बघणारी नजर त्यांची होती. आईच्या कॉटला बेडसोरच्या (पडून पडून होणाऱ्या जखमांच्या) धोक्याचा तक्ता लावलेला असायचा, त्यातली गुण देऊन धोका मोजायची पद्धत पण डोरीन नॉर्टन या इंग्लंडच्याच नर्सने १९६२ मध्ये पुढं आणली. वॉर्डाच्या कोपऱ्यात उभी असते ती इमर्जन्सीची लाल ट्रॉली, जिला क्रॅश कार्ट म्हणतात, तिचा एक सुरुवातीचा नमुना अमेरिकेतल्या अनिता डॉर या नर्सने १९६८ च्या सुमारास बनवला, घरी, नवऱ्याच्या मदतीने. म्हणजे तिचं पण रविवारचंच काम असणार.

असो, रिव्ह्यूवर येतो.

सिस्टरनी सगळ्यात मोठं काम केलं ते म्हणजे आईला स्वतः बदलायला शिकवलं. मी म्हणत होतो मी करेन ना, मला काही घाण वाटत नाही. त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. म्हणाल्या, तुम्हाला नसेल वाटत, पण त्यांना मुलासमोर उघडं पडायला लागतं दर वेळी, त्याचा विचार करा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग आरसा. बेसिनवरचा आरसा त्यांनी सुतार बोलावून खाली, कमरेच्या उंचीला आणि थोडा तिरका बसवून घेतलाय, कारण पोट सुटलेल्या बाईला स्टोमाची खालची बाजू स्वतःला दिसतच नाही. आम्ही घरी न्हाणीत तसाच लावला. आई पहिल्या दिवशी म्हणाली मला न्हाई जमायचं. तिसऱ्या मंगळवारी तिने पूर्ण प्लेट एकटीने लावली, बावीस मिनिटं लागली. सिस्टर घड्याळ बघत होत्या आणि एकदाही हात लावला नाही त्यांनी. आता आईला आठ मिनिटं लागतात.

आईचा दुसरा प्रश्न देवपूजेचा होता. पोटावर पिशवी घेऊन देवघरात कशी जाऊ, एकादशीला विठोबाच्या देवळात कशी जाऊ. मी काय सांगणार, मला उत्तर नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, काकू, देवळात जाताना सगळ्यांच्याच पोटात असतं, तुमचं फक्त बाहेरच्या पिशवीत आहे, आणि तुमची पिशवी तर आत्ताच धुतलेली आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही. कार्तिकीला गेली.

त्यांच्याकडून शिकलेल्या आणि आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी जशा आठवतील तशा लिहितो. प्लेट सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी बदलायची, तेव्हा आतडं शांत असतं, मधेच काही येत नाही. तरी आलंच तर गॉजची सुरळी करून स्टोमावर धरायची, ती शोषून घेते. कातडी साध्या पाण्याने पुसायची, डेटॉल नाही, तेलकट साबण नाही, आणि पूर्ण सुकवायची. प्लेट लावायच्या आधी दोन मिनिटं काखेत धरून गरम करायची, लावल्यावर वरून हात ठेवून पाच मिनिटं तसंच बसायचं, अंगाच्या उबेने ती धरते. पिशवीच्या आत दोन थेंब बेबी ऑइल सोडून चोळलं की माल चिकटत नाही, सरळ खाली जातो, पण तेल प्लेटला लागता कामा नये. पिशवीला सुती कव्हर शिवायचं, नाहीतर प्लास्टिक घामाने पोटाला चिकटतं. कांदा, कोबी, हरभऱ्याची डाळ खाल्ली की गॅसने पिशवी फुगते, बंद करायची गरज नाही पण बाहेर जायच्या दिवशी टाळायचं, ताक चालतं. जड उचलायचं नाही, घागर तर मुळीच नाही, बाजूने हर्निया होतो. रोज रंग बघायचा, गालाच्या आतल्यासारखा लाल-गुलाबी ओला असला की चांगला, जांभळा किंवा काळा पडला तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. स्टोमाला हात लागला तर दुखत नाही, त्यामुळे दाब पडला किंवा घासलं गेलं तर पेशंटला कळत नाही, बघावंच लागतं.

आता तक्रारी. प्लेट आणि पिशवी वेगवेगळ्या विकत घ्यायच्या असतात आणि दोन्हीच्या रिंगचं माप एकच लागतं, हे एका मेडिकलवाल्याला माहीत नव्हतं, त्याने ६० ची प्लेट आणि ५० ची पिशवी दिली, फोडलेला डबा परत घेतला नाही, पैसे गेले. घेताना दोन्ही डब्यांवरचा आकडा स्वतः वाचा. गावाकडं माल मिळत नाही, कराडला पण ऑर्डर द्यावी लागते, म्हणून पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवतो, थंड जागी. उन्हाळ्यात गाडीत डबा राहिला तर चिकट भाग वितळून कागदालाच लागतो, आमच्या चार प्लेट अशा फुकट गेल्या. पिशवीच्या वरच्या कोपऱ्यात गॅस जाण्यासाठी कोळशाचा फिल्टर असतो, तो दोन दिवस बरा चालतो, मग ओला होऊन बंद पडतो, अंघोळीच्या वेळी त्यावर स्टिकर लावा, डब्यात असतात ते, टाकून देऊ नका. महिन्याचा खर्च आमचा तीन-साडेतीन हजार येतो, पेस्ट संपली त्या महिन्यात जास्त, आणि पेन्शन नसलेल्या शेतकरी घराला ही रक्कम जड आहे, हे मी स्पष्ट लिहितो. डब्यातला माहितीचा कागद सात-आठ भाषांत होता, मराठी नव्हती. सिस्टरनी स्वतः हाताने लिहून, चित्रं काढून एक पान केलंय, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला पण कळेल असं, त्याची झेरॉक्स प्रत्येकाला देतात. आमच्या न्हाणीत आरशाशेजारी तीच लावलीय, प्लास्टिकमध्ये घालून.

मार्क द्यायचे तर बॅगेला पाचपैकी चार, एक मार्क किमतीसाठी आणि त्या फिल्टरसाठी कापला. स्टोमा क्लिनिकला पाचपैकी पाच. क्लिनिकला नंबर लागायला वेळ लागतो, आम्ही एकदा साडेतीन तास बसलो, कारण सिस्टर एकट्या आहेत आणि एकेका पेशंटला चाळीस मिनिटं देतात. मी त्याचे मार्क कापणार नाही. हॉस्पिटलने आणखी दोन नर्स या ट्रेनिंगला पाठवल्या पाहिजेत, तसा अर्ज मी तिथल्या पेटीत दोनदा टाकलाय, तुमच्याकडे असं क्लिनिक असेल तर तुम्हीपण टाका. तुमच्या हॉस्पिटलात स्टोमा नर्स आहे का हे ऑपरेशनच्या आधीच विचारा, नसेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात कुठं आहे ते विचारा, डिस्चार्ज घ्यायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या हाताने प्लेट बदलून दाखवा आणि मगच घरी या.

सध्या ऊन वाढलंय आणि चुंबळ दुपारपर्यंत घामाने भिजते, म्हणून आईने स्वतःचं जुनं इरकल लुगडं फाडून चार शिवल्या, एक अंगावर, एक वाळत, आणि दोन माझ्याकडून सिस्टरकडे पाठवल्या. त्यातली एक फलटणकडच्या एका आजींना दिली असं सिस्टरनी फोनवर सांगितलं. त्यांची प्लेट मोठी आहे, भोक आणखी बोटभर वाढवायला लागेल म्हणाल्या, आणि लूप खालच्या बाजूला घेऊन बघायचेत. आईने माप लिहून घेतलंय, मंगळवारी मी घेऊन जाणार आहे.